टेकडीवर फिरायला की राउंडला?

प्रश्न: आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या अगदी पायथ्याशी आहे. निवृत्तीनंतर मी रोज पहाटे टेकडीवर जाते. मोर, मोकळी हवा, चार ओळखीचे चेहरे, दिवस छान सुरू व्हायचा. हल्ली मात्र चिडूनच खाली येते. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, मोठ्यानं वाजणारे स्पीकर, थेट माथ्यापर्यंत बाइक घालणारी मुलं, मोकळी सोडलेली कुत्री. उन्हाळ्यात अर्धा उतार जळून काळा झाला. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, त्यावरून भांडणं होतात. आता दोन प्रस्ताव आलेत. कमिटी म्हणते, वाटेवर गेट बसवू, वॉचमन ठेवू आणि आसपासच्या सोसायट्यांनाच पास देऊ. प्रभागातले एक नेते म्हणतात, सुशोभीकरण करून देतो: काँक्रीटचा जॉगिंग ट्रॅक, दिवे, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. मला दोन्ही पटत नाही, पण नुसतं नको म्हणून भागेल का? आमचे हे तर विचारतात, ‘तू फिरायला जातेस की राउंडला?’ काय करू?
– टेकडीची शेजारीण, पुणे

नमस्कार शेजारीणबाई,

यजमानांनी टोमणा मारला असेल, पण प्रश्न नेमका विचारलाय, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुमच्या पत्रात मोराच्या वाट्याला एक शब्द आलाय आणि बाकी सगळी जागा तक्रारींनी घेतलीय. टेकडीवर जीव असलेल्या बहुतेकांचं असंच होतं. आधी कचरा खुपतो, मग कचराच दिसायला लागतो, आणि एक दिवस माणूस वर जाणंच सोडून देतो. टेकडीच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट काही नाही. रोज पहाटे येणारी, सगळ्यांना तोंडओळख असलेली बाई वाटेवर असणं हा फार मोठा बंदोबस्त आहे, आणि तो तुम्हाला वर जावंसं वाटत राहिलं तरच टिकेल. तेव्हा ग्रुपवर कचऱ्याचे फोटो टाकणं आजपासून बंद करा. बाटली फेकणारा तुमच्या ग्रुपवर नाहीच. जे ग्रुपवर आहेत ते उगाच एकमेकांवर घसरतात.

फोन मात्र न्या, फक्त कॅमेरा दुसरीकडे वळवा. मार्च-एप्रिलमध्ये खडकाळ सपाटीवरून जाताना टिटवी अचानक डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, तर जागीच थांबा आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी खाली बघा. मुरमात एक उथळ खळगा असतो. त्यात बहुधा चार अंडी, मातकट रंगाची, काळ्या-तपकिरी डागांची, निमुळती टोकं आतल्या बाजूला केलेली. भोवतालच्या खड्यांत ती अशी मिसळून जातात, की नजर जरा हलली तर पुन्हा सापडता सापडत नाहीत. घरटं म्हणावं असं तिथे काहीच नसतं, फार तर कडेनं मांडल्यासारखे चार खडे. हळूच मागे फिरा आणि लांबून बघत राहा. आरडाओरडा थांबतो, टिटवी इकडेतिकडे बघत, काही विशेष नाही असं दाखवत चालत येते आणि अंगाखाली अंडी सारून बसते. माथ्यापर्यंत जाणाऱ्या बाइकचं चाक नेमकं या जागेवरून जातं. ते चालवणाऱ्या पोराला हे ठाऊकही नसतं. त्याला ते कोणीतरी सांगायला हवं, आणि ज्यानं अंडी पाहिलीत त्यानं सांगितलं तर ते वेगळं ऐकू जातं.

असं बघण्यासारखं आपल्या टेकड्यांवर वर्षभर काही ना काही चालू असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर पान नसताना गणेर पिवळ्याधमक फुलांनी भरतो, पांगारा आणि पळसही त्याच सुमारास लाल-केशरी होतात. मे संपता संपता चातक येतो, नवरंग येतो. पहिल्या पावसानंतर मुसळीची पांढरी फुलं जमिनीतून वर येतात, पुढे कळलावी फुलते. मोई, सालई, धावडा, मेढशिंगी ही झाडं उन्हाळ्यात वाळून गेल्यासारखी दिसतात आणि पाऊस लागला की आठवड्याभरात ओळखू येत नाहीत. यातलं एखादंच झाड निवडा आणि वर्षभर त्याच्या मागे लागा. फोटो काढा, तारीख घाला, ॲपवर नोंद करा: झाडांची आय-नॅचरलिस्टवर, पक्ष्यांची ई-बर्डवर. सोसायटीतली एखादी आठवी-नववीतली मुलगी हाताशी घेतलीत तर ॲपची खटपट तीच करेल, शिवाय तुमच्यापेक्षा जास्त पक्षी तिलाच दिसतील.

या नोंदींना हौसेपलीकडे किंमत आहे. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, म्हणजे महापालिकेतसुद्धा, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम आहे. उद्या कोणी ‘तिथे आहे काय, ओसाड माळ तर आहे’ म्हणत प्रस्ताव आणला, तर तारखांसकट काही वर्षांच्या नोंदी टेबलावर ठेवता आल्या पाहिजेत. ‘आम्हाला टेकडी फार आवडते’ एवढ्यावर कोणताही अधिकारी शेरा मारत नाही.

आता सुशोभीकरण. याला स्वच्छ नकार द्या, आणि वर्क ऑर्डर निघायच्या आत द्या. पुण्याच्या टेकड्या बोडक्या दिसतात याला जुनी तोड आणि चराई काही अंशी कारणीभूत आहेच. पण पातळ माती, खाली बेसॉल्टचा खडक आणि वर्षातले आठ महिने कोरडे असताना इथे गवत, झुडपं आणि विरळ झाडी हेच मूळचं रान आहे. टिटवी, चंडोल, तित्तिर, रातवा यांना तेच लागतं. रातवा तर घरट्याच्या भानगडीत पडतच नाही, पाचोळ्यात सरळ जमिनीवर अंडी घालतो आणि अंधारात किडे टिपतो. त्याच्या डोक्यावर रात्रभर एलईडीचे खांब उभे केले तर तो जागा सोडणार. काँक्रीटच्या पट्ट्यानं पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि जोरानं खाली धावतं. खडकाच्या भेगांतून मुरणारं हेच पाणी पायथ्याच्या विहिरी-बोअरना मिळत असतं. तुमच्या सोसायटीची बोअर उन्हाळ्यात कधी आटते, हे कमिटीला या निमित्तानं जरूर विचारा. ओपन जिमची तर गोष्टच सोडा. दोन पावसाळ्यांत सांधे गंजतात आणि उद्घाटनाची पाटी तेवढी चकचकीत राहते.

आणखी एक. पक्की वाट झाली की तिच्यावर आज ना उद्या गाडी येते, आणि गाडी आली की नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती वाट रस्त्यासारखी दिसू लागते. वेताळ टेकडीचं प्रकरण तुम्ही वर्षानुवर्षं वाचत असालच. शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर एका बंद पडलेल्या दगडखाणीत आता पाणी साठतं आणि त्यावर पक्षी येतात. तिच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि पोटातून बोगदे न्यायच्या योजना पुन्हा पुन्हा वर येतात. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येनं पायी निघाले. त्या गर्दीत रोज फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी किती होती, ते आठवा.

नेत्यांना मात्र हात हलवत परत पाठवू नका. त्यांनाही काहीतरी करून दाखवायचं असतं, त्यात गैर काही नाही. त्यांच्या हातात दुसरी यादी द्या. पायथ्याशी झाकणाच्या कचराकुंड्या आणि त्या रोज उचलायची सोय (वर कुंडी नकोच, कुत्री आणि कावळे ती उपसतात). वाटेच्या तोंडाशी दगड किंवा खांब असे वेडेवाकडे रोवायचे, की माणूस आणि शेळी जाईल, बाइकचं हँडल अडकेल. अंधार पडल्यावर वर जायला बंदी आणि पोलिसांची सकाळ-संध्याकाळ फेरी. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. एकूण खर्च ट्रॅकच्या मानानं किरकोळ आहे. नेमकं त्यामुळेच ही यादी त्यांना फारशी आवडणार नाही, तेव्हा ती पंचवीस-तीस सह्यांनिशी द्या.

गेटबद्दल कमिटीला एकच प्रश्न विचारा: जमीन कोणाची? वनखात्याची असेल तर तिथे सोसायटीला खिळासुद्धा ठोकता येणार नाही. महापालिकेची असेल तर ती सगळ्यांची आहे. खासगी असेल तर दुसऱ्याच्या जागेत गेट घालून पास वाटायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पलीकडच्या वस्तीतल्या बायका, शेळ्या चारायला येणारा म्हातारा, अमावास्येला वरच्या देवाला नारळ फोडायला येणारी माणसं ही तुमच्या इमारतीच्या पायाभरणीच्याही आधीपासून त्या वाटेवर आहेत. त्यांना पास मागायचा? कचरा करणारे सगळे ‘बाहेरचे’ असतात हा तर निव्वळ गोड समज. वेफर्सच्या पाकिटावर पत्ता नसतो.

शिवाय हिशेबानं पाहिलं तरी गेट घाट्याचंच आहे. उद्या टेकडीवर खरंच गदा आली, तर हजारो सह्या लागतील. पासवाली टेकडी वाचवायला पासवालेच येतील, बाकीचे म्हणतील, ‘तुमची टेकडी, तुम्ही बघा.’

कमिटीतल्या बायकांना सुरक्षिततेची काळजी असेल तर ती मात्र हसण्यावारी नेऊ नका. आडबाजूला एकट्यादुकट्याला गाठून लुटल्याच्या बातम्या येतात. त्यावर उपाय गर्दीचा आहे. दोघी-तिघींनी ठरलेल्या वेळी निघायचं, अंगावर दागिने नकोत, उजाडल्यावर चढायचं आणि ११२ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. शेळीवाल्याशी ओळख ठेवा. वर कोण नवीन आलं, कोण कुठे बसतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आता सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात गरजेचं काम: कागद. टेकडीसाठी पोटतिडकीनं बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तिचा सर्व्हे नंबर सांगता येत नाही. आधी तो शोधा. मग सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर पाहता येते. त्यानंतर त्याच सर्व्हे नंबरचा झोन दाखला महापालिकेतून घ्या, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते कळेल. तुम्ही पश्चिमेला राहता म्हणजे बहुधा १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांपैकी एखाद्यात असाल. त्या गावांमधल्या टेकड्यांवर, सुमारे ९७८ हेक्टरवर, जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. त्यातली बरीच जमीन खासगी मालकीची आहे, आणि आरक्षण उठवावं, निदान थोडं बांधकाम करू द्यावं, ही मागणी अधूनमधून डोकं वर काढतेच. मालकांची अडचणही खोटी नाही. जमीन अडकून पडली आणि मोबदला हाती आला नाही, तर कोणीही चिडेल. टेकडीप्रेमींनी त्यांना सरसकट खलनायक ठरवायचं सोडावं असं माझं मत आहे. महापालिकेनं मोबदला वेळेवर द्यावा यासाठी आपण आवाज उठवला, तर टेकडी जास्त लवकर सुरक्षित होईल.

कारण कायद्यात एक चोरवाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. कोणी बुलडोझर आणत नाही, कुठे मोर्चा निघत नाही, नुसती मुदत टळते. तुमच्या टेकडीवरच्या सर्व्हे नंबरांबाबत अशी सूचना आलीय का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तराला ३० दिवस. आरक्षणात फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली जाहीर नोटीस काढावी लागते आणि हरकतींना महिनाभर मिळतो. ही नोटीस वर्तमानपत्रात टेंडरांच्या शेजारी बारीक टायपात येते. तुमच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एखादे निवृत्त बँकवाले किंवा सरकारी खात्यातले काका असतीलच, जे पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. जाहीर नोटिसा वाचायचं काम त्यांना लावून द्या. त्यांच्याइतक्या आनंदानं ते दुसरं कोणी करणार नाही.

वणव्याचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, पण माझ्या मते बाटल्या-स्पीकरपेक्षा तो कितीतरी गंभीर आहे. फेब्रुवारीपासून गवत कडकडीत वाळतं. एखादं विडीचं थोटूक, पार्टीनंतर धुमसत ठेवलेली शेकोटी, किंवा ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ ही जुनी समजूत, एवढं पुरतं. मोठी झाडं कशीबशी निभावतात. कोवळी रोपं, सरडे, अंडी, बिया जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात खाली येते. धूर दिसला तर आधी वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ला १९२६ वर फोन करा, मग अग्निशमनला १०१ वर. आग लहान असेल आणि सोबत तरणी माणसं असतील तर ओल्या डहाळ्यांनी कडेकडेनं झोडपून ती विझते. मात्र आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही, ज्वाळा चढावर पळत येतात. अंगात सुती कपडे हवेत, सिंथेटिक पेटलं की कातडीला चिकटतं. तुम्ही साठीच्या पुढच्या असाल, तर तुम्ही फोनच करा आणि खाली थांबून बंबवाल्यांना वाट दाखवा. हे काम कोणीच करत नाही आणि बंब भलत्याच गल्लीत शिरतो.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगते. कुत्री दोरीला बांधलेली हवीत, विशेषतः मार्च ते ऑगस्ट, जमिनीवर अंडी-पिल्लं असतात तेव्हा. कुत्र्याच्या मालकाशी बोलताना आधी कुत्र्याचं नाव विचारा, पुढचं सोपं जातं. मोरांना दाणे टाकणारं कोणी असेल तर त्यांना थांबवा. मोर आपलं पोट भरायला समर्थ आहे, आणि आयतं खायला सवकलेला मोर कुत्र्याच्या तोंडी लवकर सापडतो. स्पीकरवाल्या पोरांवर ओरडू नका, घोळक्यात ती जास्तच चेकाळतात. त्यातल्या एकाला बाजूला घेऊन टिटवीची अंडी दाखवा, अर्थात लांबून. सगळे सुधारतील असं नाही. एखादा सुधारतो.

जूनमध्ये वृक्षारोपणाची लाट येईल, तेव्हा जरा सावध राहा. एखादी कंपनी टी-शर्ट वाटत येते, गवताळ सपाटीवर खड्डे घेते, शहरी बागेतली शोभेची रोपं लावते, आणि पुढच्या मार्चला काठ्या उरतात. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात, असंच एकेकाळी भराभर वाढतं म्हणून लावलं गेलं, आणि आता कित्येक उतारांवर त्याच्याशिवाय फारसं काही दिसत नाही. ते उठून तोडायला मात्र जाऊ नका, त्याला परवानगी लागते आणि उतारही उघडा पडतो. लावायचंच असेल तर वनखात्याला किंवा उद्यान विभागाला विचारून, जिथे आधीच झाडी आहे तिथे, इथलीच झाडं आणि तुम्हाला दोन उन्हाळे पाणी घालता येईल इतकीच. पाण्यासाठी भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या रोपांपाशी खोचून ठेवणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण दोन वर्षांनी त्या बाटल्यांचा चुरा टेकडीभर होतो. कॅन घेऊन जा, ओता आणि कॅन परत आणा.

तेव्हा या आठवड्यात दोनच कामं. रविवारी यजमानांना सोबत घेऊन वर जा, हातात फोन, पण कचऱ्याकडे पाठ. आणि सोमवारी झोन दाखल्याचा अर्ज. तो दोन प्रतींत न्या. खिडकीवरचा माणूस ‘ठेवून जा, बघतो’ म्हणेल. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडेपर्यंत तिथून हलू नका.